सुटका आणि सोबत

वैनगंगा दक्षिणेकडे वाहत येते आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात मार्कंडादेवपाशी काही अंतर उलटी, उत्तरेकडे वळते. नदी उत्तरवाहिनी झाली की ती जागा पवित्र, ही आपली जुनी धारणा. त्या वळणावर कोरीव दगडी देवळांचा समूह उभा आहे आणि महाशिवरात्रीला तिथं मोठी जत्रा भरते. ज्याच्या नावानं हे गाव आहे त्या मार्कंडेयाची गोष्ट जत्रेत आलेल्या लहान पोरालाही ठाऊक असते. मृकंडू ऋषीला मूल नव्हतं. शंकरानं विचारलं, दीर्घायुषी पण मंद मुलगा हवा, की गुणी पण सोळाच वर्षं जगणारा? आईबापांनी सोळा वर्षं पत्करली. सोळावं सरत आलं, यम फास घेऊन आला, पोरानं पिंडीला मिठी मारली. फास पिंडीवरही पडला, तेव्हा शंकर पिंडीतून बाहेर आला आणि त्यानं यमालाच परतवून लावलं.

ही गोष्ट आपण हमी म्हणून ऐकत आलो. घट्ट धर, सोडू नकोस, तो वाचवील. संकटात देवावर भरवसा ठेवा, असं कुणी सांगतं तेव्हा त्याच्या मनात बहुधा हीच गोष्ट असते. पण वैनगंगेच्या याच खोऱ्यात सोळा वर्षं पुरी न करता किती मुलं गेली! हिवतापानं गेली, सिकलसेलनं गेली, रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत साप चावून गेली, पोलीस आणि नक्षलवादी यांच्या वैरात मधे सापडून गेली. त्यांच्या आयांनीही काहीतरी घट्ट धरलं होतंच. कुणी पिंडी, कुणी गावदेवीचा दगड, कुणी पुजाऱ्याचे पाय. मिठी सैल पडली म्हणून ती मुलं गेली, असं म्हणायची माझी छाती नाही. आणि तसं म्हणायचं नसेल, तर भरवशाचा अर्थ मुळापासून तपासावा लागतो.

मी देव मानतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं लिहिणं बाहेर उभं राहून केलेली चिकित्सा वाटू नये. देव मानणाऱ्यालाच ही तपासणी करावी लागते. न मानणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या लेखी साप विषारी होता, दवाखाना लांब होता, विषय संपला. मानणाऱ्याचा विषय तिथं सुरू होतो. 

अर्विंग ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकी रब्बींनी 1970च्या दशकात एक कसोटी मांडली होती. नाझींच्या छळछावण्यांत जिवंत जाळल्या गेलेल्या मुलांसमोर जे विधान उच्चारता येणार नाही, ते देवाविषयी असो की माणसाविषयी, करूच नये, असा तिचा आशय. ज्यू समाजाचं दुःख आपलं नाही, पण कसोटी आपल्याला लागू पडते. देवाच्या मदतीबद्दल आपण कीर्तनात, सांत्वनाला गेल्यावर, मोबाइलवरच्या सकाळच्या संदेशांत जे काही बोलतो, ते आपल्या जिल्ह्यातल्या लेकरू गमावलेल्या आईसमोर उभं राहून बोलता येईल का?

सप्टेंबर 2024 मधली अहेरी तालुक्यातली घटना सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. दोन लहान भावांना ताप आला. आईबापांनी त्यांना पुजाऱ्याकडे नेलं. जडीबुटी झाली, ताप उतरला नाही, आणि थोड्या वेळाच्या अंतरानं दोघंही गेले. जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं, आणि परतायला तिथं रुग्णवाहिका हजर नव्हती. आईनं एक मूल खांद्यावर घेतलं, बापानं दुसरं, आणि सुमारे 15 किलोमीटरची चिखलाची वाट ते चालत गेले. त्या चालण्याचं चित्रण घराघरांत पोचलं. मग दोन प्रकारची माणसं बोलू लागली. एक म्हणाली, अंधश्रद्धेनं दोन बळी घेतले. दुसरी म्हणाली, सरकारनं दोन बळी घेतले. दोघांचंही खरं होतं. पण त्या आईबापांनी पुजाऱ्याकडे जाताना नेमकं काय केलं होतं, हे कुणी नीट पाहिलं नाही.

त्यांनी मदत मागितली होती. जवळात जवळ जे मदतीचं ठिकाण होतं, तिथं ते गेले. पावसाळ्यात ज्या गावाला रस्ता उरत नाही, तिथं पुजारी हाच हाकेच्या अंतरावरचा माणूस असतो. तो गावचा असतो, आपल्या भाषेत बोलतो, रात्री उठवला तर उठतो, पैशाआधी कोंबडं किंवा मूठभर तांदूळ मागतो, आणि रोग्याला हात लावतो. यातली कितीशी गोष्ट आपण त्या आईबापांना दुसऱ्या ठिकाणी देऊ केली होती? अंधश्रद्धेचा ठपका ठेवण्याआधी हा हिशेब द्यायला हवा. जिथं दोन दारं असतात तिथंच निवड चुकते. एकच दार असेल तर माणूस तेच ठोठावतो.

तरीही पुजाऱ्याच्या बाजूनं मी इथपर्यंतच जाऊ शकतो. दुसरी अर्धी गोष्ट भीषण आहे आणि ती याच गडचिरोली-चंद्रपूर जिल्ह्यांत घडली आहे. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) गावात भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारलं गेलं. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारण्यात आलं. अशा वेळी गावात आधी काहीतरी वाईट घडलेलं असतं. मूल दगावलेलं असतं, आजार हटत नसतो. दुःख झालेल्या माणसानं विचारलेलं असतं, आमच्याच वाट्याला हे का? आणि कुणीतरी त्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा इथं आहे. दुःखात देवाकडे दोन गोष्टी मागता येतात. एक, याचं कारण सांग. दोन, माझ्याजवळ थांब. पहिल्या मागणीचं उत्तर जेव्हा जेव्हा माणसांनी देवाच्या वतीनं दिलं, तेव्हा तेव्हा कुणाचा तरी बळी गेला. कारण सांगायचं म्हणजे दोषी दाखवायचा. गावात तो दोषी शेजारची विधवा निघते, वेगळ्या जातीचं घर निघतं, ज्याच्याशी जमिनीचा वाद आहे तो निघतो. शहरात, शिकलेल्या घरांत, आपण काठी उचलत नाही, पण उत्तर द्यायचं सोडतो का? पूर्वजन्मीचं काहीतरी असेल. पितृदोष असेल. तुमची श्रद्धा कुठंतरी कमी पडली. देवाला तेच मंजूर होतं. कॅन्सर झालेल्या बाईच्या उशाशी बसून ही वाक्यं बोलणारे सुशिक्षित आप्त मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु त्या वाक्यांत दोषी ठरते ती खाटेवरची बाईच.

वरोऱ्याचं आनंदवन ज्या दुःखातून उभं राहिलं, ते याच उत्तराचं फळ होतं. कुष्ठरोग म्हणजे पापाचं फळ, हे धर्माच्या नावानं दिलेलं स्पष्टीकरण होतं, आणि त्यामुळं बोटं झडलेल्या माणसाला घराबाहेर काढताना कुणाचं मन कचरत नसे. उलट देवाच्या न्यायात आपण ढवळाढवळ करत नाही, असं समाधान मिळे. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचं शिक्षण घेतलं, आणि वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ माळावर रोग्यांना घेऊन राहायला गेले. तिथं विहीर खणली, शेती केली, माणसं उभी केली. हे काम पापाच्या हिशेबाला दिलेलं उत्तर होतं. गंमत पाहा, रूढ देवपूजेपासून दूर असलेल्या बाबांच्या शेजारी साधनाताई उभ्या होत्या, मनापासून भाविक असलेल्या. एकाच कामात दोघांचा देवाशी व्यवहार निराळा होता आणि काम अडलं नाही, कारण रोग्याला हा रोग का झाला हे सांगायची गरज दोघांनाही वाटली नाही.

बायबलमधल्या ईयोबाच्या कथेतही हेच आहे. त्याची मुलं मेली, जनावरं गेली, अंगभर फोड उठले. मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंडं उघडली आणि ईयोबाला त्याच्या दुःखाची कारणं समजावू लागले. कथेच्या शेवटी देव रागावतो तो या समजावणाऱ्यांवर. आक्रोश करणाऱ्या, देवालाच जाब विचारणाऱ्या ईयोबावर तो तसा रागावत नाही.

आता दुसरी मागणी. माझ्याजवळ थांब. मराठी भक्तीचा सगळ्यात खोल झरा इथं आहे आणि आपण तो विसरत चाललो आहोत, असं मला वाटतं. जनाबाईच्या घरी विठ्ठल येतो तेव्हा तिचं दळण थांबत नाही. तो तिला दासीपणातून सोडवत नाही, जात्यापासून उठवत नाही. तो जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसतो आणि खुंट्याला हात लावतो. महाराष्ट्राच्या मनात ठसलेलं देवाच्या मदतीचं हे चित्र चमत्काराचं आहे खरं, पण त्या चमत्कारात काम तेवढंच राहतं, फक्त ओढणारे हात वाढतात. तुकोबांचंही तेच. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. वाचवलं म्हणून आभार मानायची जागाच उरली नव्हती. त्या पडझडीनंतर त्यांचं विठ्ठलाशी जे नातं जुळलं, ते सुटका न झालेल्या माणसाचं नातं आहे, आणि म्हणूनच त्यात एवढी भांडणं आहेत. ज्याच्याकडून फक्त काम करून घ्यायचं त्याच्याशी आपण असे भांडत नाही. भांडतो ते जवळच्याशी.

हाच विचार आपल्या जंगलात, मराठी संतांना न वाचताही, फार जुना आहे. ताडोबा हे नाव आज जिप्सी गाड्यांमुळं जगाला माहीत झालं. पण मुळात ते तारू या देवाचं नाव. गोंड लोकांत सांगतात, तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला, आणि लोकांनी त्याला देव मानलं. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात तिथं आदिवासींची जत्रा भरायची. मार्कंडेय मृत्यूपासून सुटला. तारू सुटला नाही. तरीही, किंवा त्यामुळंच, जंगलात जाणारा माणूस तारूला हात जोडतो. ज्याला वाघानं मारलं त्याच्याकडे वाघापासून रक्षण मागणं वरवर पाहता वेडेपणाचं वाटेल. मला ते या भागातलं सगळ्यात प्रौढ देवज्ञान वाटतं. या वाटेनं जाताना काय होऊ शकतं, हे ज्याला स्वतःच्या अंगावर ठाऊक आहे, तो माझ्यासोबत चालतो आहे. एवढंच मागणं, आणि ते पुरतं.

पुरतं म्हणजे काय, हे मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात पाहावं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या पट्ट्यात राखीव क्षेत्राच्या बाहेरही वाघ मोठ्या संख्येनं आहेत. बाया पहाटे अंधारात घर सोडतात, कारण ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, घरी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलनाच्या फळीवर नेऊन द्यायचे असतात. त्या चार-दोन आठवड्यांच्या कमाईवर रोवणीचा खर्च आणि पोरांच्या वह्या निघतात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच हल्ल्यात गेल्या. त्यानंतरही बाकीच्या गेल्याच, दुसरा पर्याय नव्हता. वाटेवरच्या वाघदेवाला त्यांनी हात जोडले असतील. आणि हात जोडून झाल्यावर त्या घोळक्यानं चालल्या, एकमेकींना हाका देत राहिल्या, वाकून पानं तोडणाऱ्यांच्या मागं कुणीतरी उभं राहिलं. वाघदेव आहे म्हणून एकटीनं दाट झाडीत शिरते, असं त्यांतली कुणी म्हणत नाही. इथं श्रद्धा आणि सावधगिरी यांचं भांडण नाही. तसं भांडण पाहणारे बहुतेक जंगलापासून लांब राहतात.

कुणी म्हणेल, ही सोबत म्हणजे मनाची समजूत. वाघ तर येतोच. बरोबर, येतो. पण भीतीनं गोठलेला माणूस आणि भीती असूनही पाऊल उचलणारा माणूस यांत जे अंतर आहे ते समजूत म्हणून उडवून लावता येत नाही. त्या अंतरातच जगणं चालतं. मला खटकते ती याच्या उलट बाजूची चलाखी. गरीब बाईचा धीर पाहून आपण भारावतो आणि तिच्या देवावर सगळं सोपवून मोकळे होतो. तिला जंगलात एकटं जावं लागू नये, घरी गॅस असावा, पानांना भाव नीट मिळावा, गावाच्या प्राथमिक प्रतिसाद दलाकडे साधनं असावीत, हल्ल्यानंतरची भरपाई खेटे न घालता मिळावी, ही तिच्या देवाची कामं नाहीत. आपली आहेत. दुसऱ्याच्या श्रद्धेचं कौतुक करून स्वतःची जबाबदारी टाळणं हे मी पाप समजतो, आणि हा शब्द मी सहज वापरत नाही.

सोबत मागणारी श्रद्धा आणि औषध यांचं कसं जमतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण धानोरा तालुक्यात चातगावजवळ आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था गडचिरोलीत सुरू केली. पुढं आदिवासींसाठी दवाखाना बांधायचा ठरला तेव्हा त्यांनी लोकांनाच विचारलं, तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही? मिळालेली उत्तरं वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवायला हवीत. तिथं नातेवाइकांना बाहेर काढतात. तिथले लोक पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कापडात आम्ही प्रेत गुंडाळतो. आणि तिथं देव नाही. मग झोपड्यांच्या पाड्यासारखा दवाखाना उभा राहिला, रोग्याबरोबर घरच्यांना राहता येईल असा, आणि दारात लोकांची देवी बसली. दवाखान्याचं नावच माँ दंतेश्वरी. दंतेश्वरी ही बस्तरची थोरली देवी, इंद्रावतीच्या दोन्ही काठांच्या लोकांची.

या रचनेत देवीनं काय करायचं हे अगदी स्पष्ट आहे. हिवतापाचे जंतू ती मारत नाही, शस्त्रक्रिया ती करत नाही. ती तिथं आहे, म्हणून माणूस आत येतो. परक्या जागी आपलं कुणीतरी आहे, एवढा भरवसा ती देते, आणि तेवढ्यानं रक्त तपासायला बोट पुढं होतं. बुद्धिवादी मित्र म्हणतात, ही युक्ती आहे, लोकांना दवाखान्यात आणायचं साधन. मला तसं वाटत नाही. युक्ती असती तर डॉक्टरांनी मूर्ती बसवून तिच्याकडे पाठ फिरवली असती. तिथं दरवर्षी दंतेश्वरीची जत्रा भरते, गावोगावची माणसं येतात, आणि देवीसमोर बसून आपल्या आरोग्याचे प्रश्न मांडतात. कोणत्या आजारावर काम व्हावं हे त्या सभेत बोललं जातं. हिवताप हा आमचा मोठा प्रश्न आहे, हे डॉक्टरांना लोकांनी तिथं सांगितलं. देवीपुढं जमून सार्वजनिक आरोग्याचं काय ते ठरवायचं, अशी दुसरी जत्रा मला ठाऊक नाही. 

याच संस्थेनं नवजात बाळांसाठी जे केलं त्यातही सोबतीचीच रीत आहे. बाळंतपण घरात होतं, दवाखाना लांब आहे, मग गावातलीच एक बाई शिकवून तयार करायची, जी बाळंतपणाच्या वेळी घरात हजर राहील. गुदमरलेल्या बाळाला श्वास देईल, वजन घेईल, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देईल, पुढचे काही दिवस परत परत येईल. तिला आरोग्यदूत म्हणतात. 39 गावांत हा प्रयोग झाला, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. पुढं 2011 मध्ये भारत सरकारनं ही घरपोच नवजात सेवा आशांमार्फत देशभर न्यायचं ठरवलं. हा काही देवाचा चमत्कार म्हणून मी सांगत नाही; शिक्षण, शिस्त आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी यांचं हे फळ आहे. पण ज्या आईनं त्या रात्री देवा, धाव म्हटलं आणि दारात कंदील घेऊन आरोग्यदूत आली, तिला तो देवाचा धावा ऐकला गेल्यासारखा वाटला तर तिचं चुकलं, असं कुणी सिद्ध करून दाखवावं.

इथं दोन्हीकडून आक्षेप येतील. पहिला नास्तिकाचा. माणसंच जर सगळं करणार असतील तर मधे देव कशाला? मी या आक्षेपाचा आदर करतो, कारण या दोन जिल्ह्यांतलं पुष्कळसं मोठं काम देवाची फारशी चर्चा न करता झालं आहे. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 पासून जे उभं करत आले, त्याला कुठल्याही देवाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. देवाशिवाय सेवा होत नाही, असं म्हणणारा माणूस भामरागडला एकदाही गेलेला नसतो. पण सेवा करणाऱ्याला देवाची गरज नसेल, म्हणून सेवा घेणाऱ्यालाही नाही, असं होत नाही. मदत करणारे हात रात्री कधीतरी झोपतात. पर्लकोटेला पूर येऊन पूल पाण्याखाली जातो, भामरागड तुटतं, तेव्हा पलीकडच्या पाड्यावर कळा देणाऱ्या बाईजवळ कुणीही पोचू शकत नाही. त्या तासांत ती जे नाव घेते, ते घेऊ नकोस असं सांगण्याचा अधिकार किनाऱ्यावर कोरड्या कपड्यांत उभ्या असलेल्या माणसाला नाही.

दुसरा आक्षेप भाविकाचा, आणि तो मला जास्त जड जातो. देव जर वाचवणार नसेल, तर नवस कशाला? चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला मराठवाड्यातून माणसं येतात, झरपटीत अंघोळ करून रांगेत उभी राहतात. त्यांना सोबत नको असते, मूल हवं असतं, बरं व्हायचं असतं. त्यांना मी काय सांगू? मागू नका, असं मी मुळीच सांगणार नाही. मागणं हे नात्याचं लक्षण आहे. लेकरू आईकडे न मिळणारी वस्तूही मागतं. फक्त न मिळाल्यावर नातं तुटतं की उरतं, इथं भरवशाची खरी परीक्षा होते. महाकालीचं देऊळ गोंडराणी हिराईनं बांधलं असं इतिहास सांगतो. राजा बीरशाहाचा खून झाला, आणि या विधवा राणीनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दत्तक मुलाच्या वतीनं चांद्याचा कारभार हाती घेतला. नवऱ्याची भव्य समाधी तिनं बांधवली. आज हजारो बाया जिच्या पायावर सौभाग्य मागतात, त्या देवीचं घर सौभाग्य हिरावलेल्या बाईनं उभारलं आहे. मार्कंड्याच्या मुख्य मंदिराच्या शिखरावरही सुमारे दोन शतकांपूर्वी वीज कोसळली आणि वरचे दगड मंडपावर आले, असं सांगतात. मृत्यूला परतवणाऱ्या देवाचं स्वतःचं घर विजेपासून सुटलं नाही. महाशिवरात्रीची गर्दी त्यामुळं ओसरली नाही. हमी शोधणारी माणसं असती तर केव्हाच पांगली असती.

भरवशाचा बाजार मांडणाऱ्यांना मात्र हे पटणार नाही. त्यांना हमीच विकायची असते. 2013 मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा तो धर्मावरचा घाला आहे, अशी आवई उठवली गेली. कायदा वाचला तर दिसतं की त्यात पूजा, प्रार्थना, वारी, व्रत कशालाच हात लावलेला नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं, हे त्यानं गुन्हा ठरवलं. माझ्या मते देवावर प्रेम करणाऱ्यानं या कायद्याचं सर्वांत आधी स्वागत करायला हवं होतं. साप चावलेल्या पोराला दवाखान्याच्या वाटेवर अडवणारा माणूस देवाच्या नावावर कर्ज काढत असतो, आणि ते फेडतं ते पोर.

मेळघाटात आरोग्य खात्यानं भुमकांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूंना, शत्रू न मानता, रोगी दवाखान्यात पाठवणाऱ्या भुमकाला मानधन देण्याची वाट काढली. गडचिरोलीच्या पुजाऱ्यांनाही अशाच रीतीनं जोडून घेता येईल. पुजाऱ्यानं मंत्र म्हणावा, तांदूळ टाकावेत, आणि ताप असेल तर त्याच तासाला आशाताईला हाक मारावी. त्याचा मान जाणार नाही, उलट वाढेल. गावाला त्याच्याकडून सोबत हवी असते, आणि दवाखान्यापर्यंत बरोबर चालत जाणारा पुजारी सोबतीची आपली जबाबदारी पुरी करतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या रानात तपश्चर्या केली. तरुण वयात देव शोधायला ते जंगलात गेले होते. परत आले ते गावाची झाडलोट, सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामआरोग्य एकाच दमात सांगत. 1942च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं, गोळ्या चालल्या, घराघरांत शिरून लष्करानं अत्याचार केले, महाराजांनाही इंग्रजांनी तुरुंगात टाकलं. त्या दिवसांत चिमूरच्या बायांना कुणी वाचवायला आलं नाही. पुढं महाराजांनी ‘ग्रामगीता’ लिहिली. संकटात देव धावून येईल, तोवर वाट पाहा, असा त्यांचा उपदेश नव्हता. गावानं रोज एकत्र बसावं, म्हणजे संकट येईल तेव्हा कुणी एकटं सापडणार नाही, अशी त्यांची आखणी होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आजही दिवेलागणीला गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना होते. ती संपल्यावर लोक लगेच उठत नाहीत. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा बैल मेला, कुणाच्या पोरीचं जमलं, हे तिथंच बोललं जातं.

त्या बसण्यात पुढच्या पावसाळ्याचा विषयही निघायला हवा. नाला चढण्याआधी कोणत्या घरची बाई आठव्या महिन्यात आहे, तिला तालुक्याच्या माहेरघरात, गरोदर बायांच्या मुक्कामाच्या जागी, केव्हा न्यायचं, रुग्णवाहिका आली नाही तर कुणाचा ट्रॅक्टर निघेल, चालकाचा नंबर कुणाकडे आहे. हे ठरवताना देवाचं नाव घेतलं तर ते त्याच्या कानावर अधिक लवकर जाईल, असा माझा विश्वास आहे. आणि नाला चढल्यावर, सगळं ठरवूनही काही चुकलं, बाळ हातचं गेलं, तर त्या घरी जाऊन बसायचं, कारण न सांगता, जितके दिवस लागतील तितके दिवस.